ब्रेकमधली हवा आणि एक बकरी

माझे आई-वडील सतरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर आई म्हणते, वजन. बाबा म्हणतात, ब्रेक. मी म्हणते, बाबांची जीभ. पण मला कोणी विचारत नाही, मला फक्त निरोप पोचवायला लावतात.

बाबा तीस वर्षं सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. साहेब बदलले, जीपा बदलल्या, बाबा तेच. एवढ्या वर्षांत आपल्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही असं ते आल्या-गेल्याला सांगतात, आणि दर वेळी आई स्वयंपाकघरातून "एक आली होती" एवढंच म्हणते. आई अंगणवाडीत सेविका होती. अठ्ठावीस वर्षं तिने चाळीस-चाळीस पोरांना एका आवाजात खाली बसवलं. म्हणजे आमच्या घरात एक जण गाडी चालवणारा आणि एक जण माणसं चालवणारी अशी वाटणी पहिल्यापासूनच होती. बाबांच्या ती लक्षात यायला निवृत्त व्हावं लागलं.

निवृत्तीनंतर दोघं भातकुलीजवळच्या आमच्या गावी राहायला गेले. शेत गावापासून अडीच किलोमीटर. मधली वाट काळ्या मातीची. ती पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते आणि नंतर ढेकळांनी पाय मुरगाळते. दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं, ढेकळातून चाला असं म्हटलं नव्हतं. मोटरसायकल जरा तिरपी झाली की पाय टेकवून सावरता येईना. शेत गड्याच्या हाती गेलं आणि बाबांच्या हाती नुसत्या चौकश्या राहिल्या. रोज सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून शेताच्या दिशेने तोंड करून बसायचे. तिथून शेत दिसत नाही. शेजाऱ्याचा गोठा दिसतो. मी सुट्टीत गेले की ते बघून मला भरून यायचं, आणि त्याच वेळी रागही यायचा, कारण खुर्ची नेमकी जाण्यायेण्याच्या वाटेत असायची.

मग बाबांना ती गाडी दिसली. बाळापूरच्या बाजूला हायवेवर कोणीतरी मौजमजेचं पार्क काढलं होतं, ते बंद पडलं, आणि तिथलं सामान विकायला निघालं. त्यात ही एटीव्ही होती. मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखी सीट, आणि खाली ट्रॅक्टरच्या पोरांसारखी चार जाडजूड चाकं. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, पण शेतात चालते, कलत नाही, पाय टेकवायची गरज नाही. दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, हे बाबांनी ऐकलं आणि सोडून दिलं. आईला न विचारता त्यांनी ती टेम्पोत घालून घरी आणली. टेम्पोवाला म्हणाला, नारळ फोडा. बाबा म्हणाले, "आमच्या घरी नारयाची चटनी होते. बाकी काई होत नाई."

आईने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, सीटला हात लावून बघितला, आणि विचारलं, "याचा ब्रेक कुठी आहे?" तिचा प्रश्न किती बरोबर होता हे तिसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, चाल, तुले तूर दाखवतो. तूर फुलावर आलेली. आई मागे बसली. शेताच्या अलीकडे एक नाला आहे, त्याला थोडं पाणी, पुष्कळ चिखल आणि काठाला बेशरमाची झुडपं. नाल्याकडे उतार लागला तशी बाबांनी ब्रेकची लिव्हर दाबली. ती आरामात हँडलला जाऊन टेकली. गाडीला काही कळलंच नाही. बाबा ओरडले, "उतर!" आता आई ही काही कोणी सांगितलं म्हणून करणारी बाई नाही. तिने विचारलं, "काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर मिळायच्या आत आई चिखलात आणि बाबा गाडीसकट बेशरमात. कोणाला लागलं नाही, हे आधीच सांगते. आईच्या चार बांगड्या फुटल्या, बाबांचा शर्ट फाटला. पण बाबांचा पाय झुडपात असा अडकला की दहा मिनिटं त्यांना हलता येईना. आणि त्या झुडपातून त्यांनी बाहेर पाठवलेलं पहिलं वाक्य हे: "तुह्या वजनानं ब्रेक नाई लागला."

आई तोवर चिखलातून उठली होती. साडी झटकली. दोन किलोमीटर चालत घरी आली, आंघोळ केली, आणि त्या दिवसापासून बाबांशी एक शब्द नाही.

हे सगळं मला आधी आईने फोनवर सांगितलं, मग बाबांनी, मग पुण्याहून भावाने. भाऊ पुण्याला गेल्यापासून त्याच्या 'मले'चं 'मला' झालंय आणि काळजीही तो तिकडच्यासारखी वेळापत्रक लावून करतो. तो म्हणाला, "ताई, अकोल्यात एक जण ती गाडी घ्यायला तयार आहे. रविवारी टेम्पो जाईल. तू शनिवारी जाऊन बघ. ब्रेक खरंच लागत असतील तर राहू दे. नाहीतर गाडी गेली. तू म्हणशील तसं." बाबांनाही त्याने हेच सांगितलं होतं. बाबा मला फोनवर म्हणाले, "तू म्हनशीन तसं, असं म्हनते थो. मंग तू काय म्हनशीन?" मी म्हटलं, ब्रेक बघून सांगीन. खोटं कशाला बोलू, गाडी गेलेलीच बरी असं मला वाटत होतं. मी घरी एकटी असले की डोळ्यांसमोर तो उतार यायचा.

मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. ब्रेक कसा लागतो त्याची आकृती मला डोळे मिटून काढता येते. प्रत्यक्ष ब्रेक मात्र मी कधी उघडून पाहिला नव्हता. गावचा मेकॅनिक गाडीभोवती एक चक्कर मारून "हे आपल्या लाइनीतलं नाई" म्हणून निघून गेलेला. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मोटरसायकलवाल्या मेकॅनिककडे गेले. तो ऐकताक्षणी म्हणाला, "मॅडम, एअर धरली. उभी राहून राहून ऑइल खराब झालं. जुनं ऑइल काढा, नवीन भरा, एअर काढा. एवढंच काम हाये." त्याने ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या दिल्या, एक पाना दिला, आणि चाकाजवळचं निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, कसं दिसतं ते दुसऱ्याच गाडीवर दाखवलं. "एकानं लिव्हर दाबाची आन् धरून ठेवाची. दुसऱ्यानं निपल खोलाचं, एअर निंगू द्याची, बंद कराचं. बंद केल्यावरच लिव्हर सोडाची. आधी सोडली तं बाहेरची एअर आत घुसते. दोघायचं एकमेकाशी जमलं पायजे."

मी म्हटलं, "तेच तर जमत नाही."

शनिवारी सकाळी पोचले तेव्हा बाबा गाडीपाशी तयारच होते. पार्कवाल्यांच्या लाल रंगावर त्यांनी सकाळीच ओलं फडकं मारलं होतं. आई ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि तिची बकरी कडुनिंबाला बांधलेली, गाडीपासून चार पावलांवर. आई एरवीही त्या बकरीशी बोलते. या सतरा दिवसांत तर फारच.

"तुह्या बाबाले इचार, चहा घेते का," आई मला म्हणाली. बाबा तिच्यापासून सहा हातांवर होते.

"घेतो म्हना," बाबा मला म्हणाले.

मी "घेतो म्हणतात" असं सांगितलं, आणि त्या क्षणी मला पुढच्या दिवसाचा अंदाज यायला हवा होता.

पुढच्या दोन चाकांचा ब्रेक हातातल्या लिव्हरवर होता, आणि तेल त्यातच भरायचं होतं. मागचा वायरीचा होता, तो बरा होता, पण एकटा पुरत नव्हता. बाबांनी पाना माझ्या हातातून घेतला तो घेतलाच. खाली बसता येत नाही, तर टोपलं उलटं टाकून त्यावर बसले, पाय लांब केला, आणि चाकाशी असे वाकले की जणू चाकच त्यांना काही सांगणार आहे. औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी मी निपलवर चढवली, दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. हँडलवरच्या छोट्या डबीचं झाकण काढलं. आत चहाच्या गाळासारखं काळं तेल. ते इंजेक्शनच्या मोठ्या पिचकारीने ओढून घेतलं आणि नवीन भरलं. नवीन तेल करडईच्या तेलासारखं स्वच्छ दिसतं. आईने लांबूनच काढलेलं काळं तेल बघितलं आणि बकरीला म्हणाली, "हे काई माह्या वजनातून नाई निंगालं वं."

बाबांनी ऐकलं नाही असं केलं.

सुरुवातीला लिव्हरवर मी होते. पण पावसाळ्यात शाळेच्या पायरीवरून पडून माझं मनगट मोडलं होतं, ते वीस वेळा दाबल्यावर कुरकुरायला लागलं. डबीतलं तेल कमी होतंय का तेही मलाच बघायचं होतं, ते संपलं की वरून हवा जाणार. माझं तोंड वाकडं झालेलं आईने ओसरीवरून पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, आली, मला म्हणाली, "सरक." आणि लिव्हर हातात घेतली. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात. लिव्हरची काय बिशाद.

तर एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा, आणि मधे तेलाची बाटली घेऊन मी.

"तुह्या मायले सांग, दाब म्हना," बाबा म्हणाले.

"माय, दाब."

"दाबलं म्हना त्याईले."

"बाबा, दाबलं."

"धरून ठेवाले सांग."

"माय, धरून ठेव."

"मी काय सोडून पयून राहिली का? धरलं म्हना."

"बाबा, धरलंय."

बाबांनी पाना फिरवला. नळीतून काळं तेल आलं, त्यात बुडबुडे. मला इतका आनंद झाला की मी निरोप द्यायचं विसरले. आई म्हणाली, "आलं वाटते. झालं का इचार त्याईले," आणि विचारता विचारता लिव्हर सोडली. निपल उघडंच होतं. बाहेर आलेले बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत उलटे आत गेले.

"सोडाची नाई होती आत्ता," बाबा म्हणाले. "सांग तिले."

"माय, आत्ता सोडायची नव्हती."

"मंग बंद झालं हे सांगाले काय होते त्याईले? तोंड नाई का?"

हे मी पोचवलं नाही. पोचवायची गरज नव्हती, बाबा तिथेच होते. तरी ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

असं आम्ही अकरा वाजेपर्यंत केलं. कधी बाबा खोलायचे तेव्हा आईने दाबलेलं नसायचं, कधी आईने दाबून दाबून हात बदलला की नेमकं तेव्हाच बाबा पाना फिरवायचे. निपल उघडं असतं ते दोन सेकंद, आणि माझा निरोप पोचायला लागतात पाच. एकदा थोडं तेल लाल रंगावर सांडलं. ब्रेक ऑइल रंगाला खातं, मेकॅनिकने बजावलं होतं. आईने ते आधी पाहिलं. "त्याईले सांग, पुसून घ्या म्हना, पानी मारा म्हना." मी बाटलीचं झाकण लावून मान वळवून सांगेपर्यंत मडगार्डवर चपातीएवढा डाग उठला होता. आई दोन हातांवरून थेट म्हणाली असती तर बाबांच्या खांद्यावर फडकं होतंच.

पहिली बाटली संपली. लिव्हर दाबून बघितली, तीच स्पंज दाबल्यासारखी, आरामात हँडलला टेकणारी. बाबांनी ती चार वेळा दाबली आणि पाचव्यांदा दाबली नाही. टोपल्यावर बसले तसेच बसून राहिले. मला म्हणाले, "टेम्पो किती वाजता येते उद्या?"

मी म्हटलं, "दहाला."

"बरं," ते म्हणाले. मग खुर्ची कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. खुर्ची भिंतीला होती, तोंड गोठ्याकडे.

त्यांच्या त्या बघण्यानं माझा जीव गलबलला, आणि मला गलबललं की मी चिडते, ही माझी जुनी खोड. मी खिशातला खडू काढला, माझ्या खिशात तो असतोच, आणि घराच्या भिंतीवर आकृती काढली. लिव्हर, नळी, चाक. "हे तेल. हे दाबलं जात नाही. इकडे दाबलं की तिकडे ताबडतोब कळतं. पण मधे हवा असली की इकडचं तिकडे पोचतच नाही, सगळा जोर त्या हवेतच जिरतो. समजलं का?" हे मी आठवीच्या वर्गाला सांगते त्या आवाजात सांगितलं. दोघं माझ्याकडे बघत होते. आकृतीकडे बघता बघता मलाच समजलं की या घरातली हवा कोण आहे. सकाळपासून मधे उभी राहून सगळा जोर मीच खात होते.

"तुह्या बाबाले सांग," आई म्हणाली, "समजलं म्हना."

मी तेलाची दुसरी बाटली सीटवर ठेवली. "मी चहा मांडते," म्हटलं. "डबीत तेल भरत राहा. ज्याला जे सांगायचं ते ज्याचं त्याने सांगावं." आणि आत गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो, गाडी अर्धी दिसते. मी दूध तापत ठेवलं. बाहेर काही नाही. दूध वर आलं, उतरलं. बाहेर काही नाही. मी साखर टाकली आणि मनात म्हटलं, गेली गाडी. मग बाबांनी घसा साफ केला.

"बकरे," ते म्हणाले. "दाब म्हना."

मी खिडकीला नाक लावलं. आईने लिव्हर दाबलेली दिसली. "दाबलं वं बकरे," ती बकरीकडे बघून म्हणाली. "धरून आहो."

"खोलतो वं बकरे."

"खोला म्हनावं."

"बंद केलं. सोड म्हना."

"सोडली."

बकरी पाला चघळत होती. तिने एकही शब्द पुढे पोचवला नाही, आणि म्हणूनच सगळं वेळेवर पोचत होतं. बावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला जे जमलं नाही ते त्या बकरीने नुसतं उभं राहून केलं. मी तिथून हलले नाही. चहा उकळून उकळून काळा झाला. आई लिव्हर दाबून धरायची, बाबा पाना फिरवायचे, मधेच आई एका हाताने डबीत तेल ओतायची आणि म्हणायची, "बकरे, तेल टाकलं, घाई करू नका म्हना." एकदा बाबा म्हणाले, "बकरे, हात दुखत असंन तं सांगजो." आई म्हणाली, "नाई दुखत वं. पाठ कोनाची दुखून राहिली ते पाह्य म्हना."

लांबच्या चाकाचं झालं, जवळच्या चाकाचं झालं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नळीतून नुसतं स्वच्छ तेल येत होतं, बुडबुडा एक नाही. बाबांनी उठून लिव्हर दाबली. ती अर्ध्यावर गेली आणि तिथेच थांबली, दगडासारखी. त्यांनी माझा हात धरून लिव्हरवर ठेवला. मीही दाबली. थांबली. मग त्यांनी बकरीला भाकरीचा तुकडा दिला. आईने ते पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, सपाट अंगणात ब्रेक कोणाचाही लागतो. मला उतारावर दाखवा. खरं तर मला भीती वाटत होती आणि मी ती शिस्तीच्या आवाजात लपवत होते. बाबा गाडी घेऊन पुढे गेले, मी मागे चालत. आई म्हणाली की तिला बकरीसाठी गवत कापायचं आहे, आणि नेमकं त्याच नाल्याकडचं गवत चांगलं आहे. विळा घेऊन तीही आली.

उताराच्या खाली, त्याच बेशरमाच्या झुडपापाशी, मी हातात वीट घेऊन उभी राहिले. विटेचा काही उपयोग नव्हता. हातात काहीतरी असलं की मला बरं वाटतं.

बाबा वरून आले, हळू. मधे दाबली. गाडी ढेकळं चुरडत थांबली. परत वर गेले, जरा जोरात आले, परत थांबली. तिसऱ्यांदाही थांबली. गाडी परत माथ्यावर नेऊन उभी केली तेव्हा बाबांचं तोंड फुललं होतं. "पाह्यलं?" मला म्हणाले. "सांग तुह्या भावाले."

मी फोन काढला तोच आई मला म्हणाली, "एकटं मानूस थांबलं, त्यात काय हाये? वजनानं थांबत नाई असं म्हनत होते नं." तिने विळा बांधावर ठेवला, वर चढून गेली, पदर खोचला, आणि बाबांच्या मागे सीटवर बसली. विचारलं नाही, सांगितलं नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "तिले उतराले सांग," ते मला वरून ओरडून म्हणाले.

"मी नाही सांगत," मी खालून म्हटलं. "बकरीला सांगा."

"बकरी घरी आहे नं."

"मग तुम्हीच पाहा."

बाबांनी हँडल सरळ केलं. मग गाडी सुरू केली आणि उताराला लागले, पायी चालावं इतक्या हळू. आईने एक हात सीटला धरला होता आणि दुसरा बाबांच्या खांद्याजवळ नेला होता, पण ठेवला नव्हता. उताराच्या सगळ्यात उभ्या भागावर बाबांनी लिव्हर दाबली. चाकं खरखरली आणि गाडी थांबली. माझ्यापासून पंधरा पावलांवर. मी वीट छातीशी धरून उभी होते.

बाबा लिव्हर सोडेनात. दोन्ही हातांनी आवळून धरलेली.

"सोडा म्हना आता," आई म्हणाली. मला की कोणाला, कळलं नाही.

बाबा समोर बघत होते. "तू आधी उतर," ते म्हणाले. "मंग सोडतो." आवाज वेगळा होता. "त्या दिवशी तुले उतराले टाइमच नाई भेटला. मी झुडपात होतो, तू चिखलात पडली होती, उठून नाई राहिली. माहा पाय निंगेना. दहा मिनिटं मी तुह्याकडे पाहून राहिलो होतो, तू हालते का म्हनून. भेव लागला होता मले. मंग तू उठली, आन् माह्या तोंडातून तेच निंगालं." मग म्हणाले, "वजनाचं काई नोयतं."

आई मागे बसून होती. मला तिचा चेहरा दिसत होता, बाबांना दिसत नव्हता. तिने डोळे पुसले नाहीत, नुसते दोनदा मिटले. मग खांद्याजवळचा हात तिने खांद्यावर ठेवला.

"उतर नं," बाबा म्हणाले.

"काहून?" आई म्हणाली. "थांबली नं गाडी. चाला तुरीकडे."

बाबांनी लिव्हर सोडली. गाडी माझ्या बाजूने हळूच खाली आली, नाल्याचा चिखल ओलांडला आणि पलीकडे चढली. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. त्या गाडीवर तशीही दोघांचीच जागा आहे.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, "टेम्पो नको पाठवू. ब्रेक लागतात. मी पाहिले."

"नक्की?" तो म्हणाला. "आणि आई-बाबा? बोलले का?"

नाल्यापलीकडून आवाज येत होता. आई म्हणत होती, हयू चालवा, ढेकूय दिसत नाई का. बाबा म्हणत होते, तीस वर्षं गाडी चालवली मी, कोंबडी नाई आली चाकाखाली. आई म्हणत होती, एक आली होती.

"भांडून राहिले," मी म्हटलं.

आई विळा बांधावरच विसरून गेली होती. बकरीचं गवत मग मी कापलं, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्तच कापलं.